स्लो कुकरमधला चिकन स्ट्यू: ‘सगळं घाला आणि विसरा’ एवढ्यानं भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्लो कुकरमधल्या चिकन स्ट्यूची पाककृती आली आहे. एक किलो ‘करी कट’ चिकन, बटाटे, गाजरं, एक लिटर पाणी आणि एक कप दूध एकदम भांड्यात घालायचं, ‘लो’वर आठ तास ठेवायचं आणि विसरून जायचं, असा तिचा सारांश. असं खरोखर करून पाहिलं तर आठ तासांनी वर फाटलेलं दूध, मध्ये दोरे सुटलेलं चिकन, त्यात हाडांच्या कपच्या आणि खाली गढूळ पाण्यात बसलेले कच्चट बटाटे मिळतील. मग कुकर कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि तिथेच राहतो. दोष त्याचा नसतो. पाककृती परदेशी भांड्याची, चिकन आपल्या दुकानातलं आणि मधला हिशेब कुणी केलेला नाही, अशी गत आहे. तो हिशेब मांडण्यासाठी हे पत्र. लांबल्याबद्दल क्षमस्व, पण पाककृती अर्धवट छापण्यापेक्षा ते बरं.

आधी भांड्याबद्दल. बाहेर पत्र्याचं कवच, कवचाच्या भिंतीत फिरवलेली तापणारी तार, आत जाड चिनी मातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. साडेतीन लिटरचा कुकर 200 वॅटच्या आसपास असतो, म्हणजे साध्या इस्त्रीच्या पाचवा हिस्सा. चुलीच्या वैलावर ठेवलेल्या भांड्याला लागते तशी ही आच, फक्त खालून नव्हे तर चहूबाजूंनी. ‘लो’ आणि ‘हाय’ याचा अर्थ बहुतेक जण मंद आणि मोठा गॅस असा घेतात. तसं नाही. साध्या कुकरांत दोन्हींचं अखेरचं तापमान जवळपास एकच असतं, उकळीच्या जरासं खाली. ‘हाय’वर तिथं पोहोचायला तीन-चार तास लागतात, ‘लो’वर सात-आठ. त्यामुळे ‘लो’वर ठेवलं म्हणजे चिकन जास्त शिजणारच नाही, हा समज चुकीचा. वेळ संपल्यावरही ते शिजतच राहतं.

हे यंत्र मुळात कशासाठी निघालं ते पाहिलं की चूक कुठे होते ते कळतं. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना याचं पेटंट 1940 साली मिळालं. त्यांच्या घरच्या ज्यू परंपरेत चोलंट नावाचा घेवड्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा पदार्थ शुक्रवारी संध्याकाळी भट्टीत ठेवत आणि शनिवारी काढून खात, कारण शनिवारी विस्तव पेटवायचा नाही. (याच शनिवारच्या नेमावरून कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत.) पुढे रायव्हल कंपनीनं 1971 मध्ये हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं विकायला काढलं. म्हणजे चिवट मांस आणि कडक दाणे रात्रभरात मऊ करणं, हे याचं मूळ काम. आपल्याकडचा ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतबाहेरचा असतो. त्याच्यात चिवटपणा असतोच कुठे? त्याला आठ तास कोंडलं तर मऊ व्हायचं राहिलेलं काही नसतं, फक्त रस निघून जायचा राहतो.

म्हणून सगळ्यात मोठा निर्णय चिकनच्या दुकानातच घ्यायचा असतो. मांडी आणि तंगडीच्या मांसात कोलॅजन, म्हणजे मांसाचे तंतू बांधून ठेवणारं प्रथिन, भरपूर असतं. ते सावकाश विरघळून रश्श्यात उतरतं, रश्श्याला अंग येतं आणि मांस तंतू सुटले तरी ओलसर राहतं. छातीच्या मांसात ते फारसं नाही, म्हणून छाती कोरडी पडते. दुकानदाराला स्पष्ट सांगावं: चार अख्खे लेग पीस, सांध्यात कापून आठ तुकडे, हाड फोडायचं नाही. करी कटमध्ये सुरी हाडावरून जाते, पाच तासांत मांस गळून येतं आणि त्या कपच्या रश्श्यात सुट्या होतात. लहान मुलांच्या ताटात त्या धोक्याच्या. कातडी काढलेलीच बरी. ओल्या वाफेत ती रबरासारखी होते आणि चरबी वर तरंगते. छातीच हवी असा हट्ट असेल तर ती अख्खी ठेवावी आणि ‘लो’वर तीन तासांच्या पुढे जाऊ नये. तेवढ्यात बटाटा शिजत नाही, म्हणून तो आधी अर्धवट उकडून घालावा.

गावरान कोंबडी मिळत असेल तर मात्र हा कुकर तिच्यासाठीच केलाय असं समजा. ब्रॉयलरला बटण चालू-बंद करताना जपावं लागतं, गावरानला नाही. सव्वा किलोची कोंबडी, मोठे तुकडे, मिळाले तर स्वच्छ केलेले दोन पायही सोबत, ‘हाय’वर एक तास आणि मग ‘लो’वर सात-आठ तास. रस्सा गार झाल्यावर जेलीसारखा थरथरला पाहिजे.

आता साडेतीन लिटरच्या कुकरचं प्रमाण, चार-पाच माणसांच्या पोटभर जेवणाचं. ब्रॉयलरचे वर सांगितलेले आठ तुकडे, साधारण 900 ग्रॅम. बटाटे 400 ग्रॅम, गाजर 250 ग्रॅम, कांदे 200 ग्रॅम, लसणाच्या आठ पाकळ्या, आल्याचा एक इंच तुकडा. मिळाली तर सेलरीच्या दोन काड्या, नाहीतर कोथिंबिरीचे कोवळे देठ मूठभर. मोठे दोन चमचे लोणी किंवा तेल, मोठे दोन चमचे मैदा (कणीक चालते, रंग जरा मातकट येतो). तमालपत्रं दोन, लवंगा तीन, मिरे भरडून एक चहाचा चमचा. मीठ दोन सपाट चहाचे चमचे, स्टॉक क्यूब वापरणार असाल तर निम्मं. पाणी अर्धा लिटर, त्याहून थेंबभर जास्त नको. एवढ्यानं भांडं साधारण दोन तृतीयांश भरतं आणि तेच हवं. निम्म्यापेक्षा कमी भरलं तर कडेनं करपतं. गळ्यापर्यंत भरलं तर मधला भाग तापायला फार वेळ लागतो. पाच-सहा लिटरचा कुकर असेल तर प्रमाण दीडपट करावं, वेळ तासभर वाढवावा.

अर्धा लिटर पाणी पाहून हात आखडतो, कारण गॅसवर आपण पाणी आटणार हे धरून चालतो. इथे ते आटत नाही. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते आणि चिकन व कांदा स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळं. शेवटी रस्सा घातलेल्या पाण्यापेक्षा जास्तच निघतो. एक लिटर पाण्याची पाककृती पातेल्यासाठी लिहिलेली असते, हे नक्की.

चिकन धुवायचं असेल तर हलक्या हातानं, शिंतोडे न उडवता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतर ते फडक्यानं किंवा कागदानं कोरडं टिपणं. कढईत लोणी चांगलं तापलं की एका वेळी चारच तुकडे टाकावेत, दोन-तीन मिनिटं हलवू नयेत, खालून तांबूस झाले की उलटावेत. गर्दी केली तर पाणी सुटतं, तुकडे भाजण्याऐवजी वाफवले जातात आणि करडे पडतात. ही पायरी ‘वेळ असेल तर’ अशी लिहिली जाते. ती वगळायची नाही. तांबूस रंगाबरोबर येणारी चव ओल्या भांड्यात उकळीखालच्या तापमानाला तयारच होत नाही, मग आठ तास ठेवा की अठरा.

तुकडे काढून त्याच कढईत चिरलेला कांदा घालावा, कडा सोनेरी होईतो परतावा, सात-आठ मिनिटं. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये शिजतो, पण त्याचा उग्र दर्प जात नाही आणि साऱ्या स्ट्यूला उकडलेल्या कांद्याचा वास लागतो. मग ठेचलेलं आलं-लसूण अर्धा मिनिट, त्यावर मैदा भुरभुरून दोन मिनिटं, कच्चेपणा जाईपर्यंत. मग गरम पाणी थोडं थोडं ओतत, तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्यानं खरवडून रश्श्यात घ्यावं. चव तिथेच आहे. एक उकळी आली की मीठ, मिरे, लवंगा, तमालपत्र.

भांड्यात थर लावताना आपली रोजची समजूत उलटी करावी लागते. गॅसवर मटण आधी, बटाटा नंतर. इथे मांसापेक्षा बटाटा-गाजराला जास्त वेळ लागतो आणि आच भिंतीतून येते. म्हणून कंदभाज्या तळाला आणि कडेनं, चिकन त्यांच्यावर. बटाट्याचे तुकडे तीन सेंटिमीटरचे, गाजराचे दोन सेंटिमीटरचे. बटाटा नवा, पातळ सालीचा घेतला तर आकार टिकतो. जुना पिठूळ बटाटा विरघळून रस्सा दाट करतो, तेही काहींना आवडतं. हिवाळ्यातली लाल गाजरं केशरी गाजरांपेक्षा लवकर मऊ पडतात, ती जाडसर चिरावीत. वरून गरम रस्सा ओतावा. भाज्या बुडाल्या पाहिजेत, चिकन निम्मं वर राहिलं तरी चालतं. मातीचं भांडं फ्रिजमधून काढलेलं असेल तर त्यात उकळता रस्सा ओतू नका, तडा जातो. ते आधी कोमट पाण्यानं विसळून घ्यावं.

रस्सा गरमच का, तर कारण चवीचं नाही. 4 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि स्लो कुकर हा पट्टा फार हळू ओलांडतो. गार चिकन, गार पाणी आणि ‘लो’ अशी सुरुवात केली तर तो काळ उगाच वाढतो. त्यातही गोठलेलं चिकन थेट टाकणं तर साफ वर्ज्य. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून ते पूर्ण सुटं करून घ्यावं. पहिला तास ‘हाय’, मग पाच तास ‘लो’, ही वाटणी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. घाई असेल तर सगळा वेळ ‘हाय’वर, साडेतीन ते चार तास. ‘वॉर्म’ हे बटण शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे, त्यावर शिजवायचं नाही.

झाकण उघडायचं नाही. एकदा उचललं की साचलेली उष्णता जाते आणि ती भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आत काय चाललंय ते काचेतून दिसतं. वाफेनं काच धुरकटली असेल तर झाकण जागच्या जागी हलकेच फिरवा, थेंब ओघळून जातात. पाच तासांनी पहिल्यांदा उघडा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसला तर किमान 74 अंश हवेत. मांडीचं मांस 80-85 अंशांना जास्त छान लागतं. थर्मामीटर नसेल तर तंगडीचं हाड बोटांनी फिरवून पाहावं. सहज फिरलं, सांध्याजवळचा रस लालसर नसला आणि बटाट्यात सुरी अडली नाही, तर झालं.

शेवटची वीस मिनिटं परत ‘हाय’वर. वाटीभर मटार याच वेळी. आधी घातले तर ते शेवाळी रंगाचे होतात. दूध किंवा मलई घालायची ती अर्धी वाटी, आधी खोलीच्या तापमानाला आणून आणि सगळ्यात शेवटी. दूध तासन्‌तास गरम राहिलं आणि त्यात टोमॅटो किंवा लिंबू असेल तर फाटणारच. केरळी पद्धतीचा नारळाच्या दुधाचा स्ट्यू करायचा असेल तर हाच नियम: पातळ दूध पाण्याच्या जागी सुरुवातीला चालतं, दाट दूध अखेरच्या दहा मिनिटांत. गरम मसाला पहाटे घालून संध्याकाळी जेवलात तर वास उडालेला आणि कडवटपणा मागे राहिलेला. तो घालायचाच तर वाढण्याआधी, चिमूटभर.

स्ट्यू पातळ झाला तर आणखी तासभर ठेवून काही होत नाही. मोठा एक चमचा कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ तीन चमचे गार पाण्यात कालवून घालावं, झाकण ठेवून ‘हाय’वर पंधरा मिनिटं. त्याहून चांगलं म्हणजे चार-पाच बटाट्याच्या फोडी काढून कुस्करून परत घालणं. चव फिकी वाटली तर लगेच मीठ ओतू नका, आधी अर्ध्या लिंबाचा रस घालून पाहा. मंद शिजलेल्या पदार्थाला बहुतेक वेळा आंबटाची कमतरता असते. मात्र ते आंबट शेवटीच. टोमॅटो, चिंच किंवा कोकम सुरुवातीला घातलं तर आंबटपणामुळे बटाटा लवकर मऊ होत नाही. बटाटा सात तासांनीही कच्चट राहिल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यातल्या निम्म्या तरी याच कारणाच्या. बाकीच्या मोठ्या फोडींच्या.

विजेबद्दल परदेशी पाककृतींत काही नसतं आणि आपल्याकडे तेच आधी पाहावं लागतं. अमेरिकेतून मुलांनी पाठवलेला कुकर तिथल्या 120 व्होल्टचा असतो. पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो इथल्या 230 व्होल्टला जोडला तर तारेवर जवळजवळ पावणेचारपट भार येतो आणि ती जळते. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, 250 वॅटच्या कुकरला निदान 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा. तो विकत घेण्यापेक्षा इथलाच कुकर घेतलेला परवडतो. दुसरं, गावाकडे संध्याकाळी दाब 180 व्होल्टवर आला तर 200 वॅटचा कुकर 120 वॅटच्या आसपासच ताकद देतो, म्हणजे पाककृतीतला वेळ तिथे खोटा. अशा ठिकाणी सुरुवातीपासून ‘हाय’ आणि दिवसा शिजवणं. तिसरं, वीज गेली तर. घरी असाल तर लगेच सगळं पातेल्यात ओतून गॅसवर पूर्ण शिजवा. घरी नसाल, परत आल्यावर घड्याळ लुकलुकताना दिसलं आणि वीज किती वेळ नव्हती ते कळायला मार्ग नसेल, तर शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यावं. जिवावर येतं, पण इलाज नाही. बटणांचे डिजिटल कुकर वीज परत आल्यावर बहुधा आपोआप सुरू होत नाहीत. फिरवायच्या खटक्याचे होतात. भारनियमनाच्या भागात खटक्याचाच घ्या. खर्चाचं म्हणाल तर 200 वॅट गुणिले सहा तास, म्हणजे 1.2 युनिट.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवरही ‘स्लो कुक’ लिहिलेलं बटण असतं. त्याची आच फक्त तळातून येते आणि भांडं स्टीलचं असतं, त्यामुळे वरचे वेळ तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहिल्यांदा करताना सुट्टीच्या दिवशी, घरात असताना करावा.

स्ट्यू आणखी भरीव करायचा म्हणून राजमा घालण्याची सूचना आपल्या पाककृतीच्या तळटीपेत आहे. ती या सगळ्यांत गंभीर चूक. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनं नष्ट होतं, स्लो कुकरच्या मंद आचेनं होईलच असं नाही. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो: काही तासांत उलट्या, जुलाब. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात 30 मिनिटं खळखळून उकळावा किंवा सरळ प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढून मऊ करावा आणि मगच स्ट्यूत घालावा. भरीवपणासाठी बार्ली जास्त सोयीची: 50 ग्रॅम धुऊन पहिल्यापासून भाज्यांबरोबर घालायची, पाणी 150 मिलिलिटर वाढवायचं. मग मैदा एकच चमचा पुरतो.

उरलेला स्ट्यू मातीच्या भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नये. ते जाड भांडं तासन्‌तास गरम राहतं. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात पारा 32 च्या वर असेल तर तासाभरात. तीन-चार दिवस टिकतो. पुन्हा गरम करताना गॅसवर, रस्सा उकळेपर्यंत. स्लो कुकरमध्ये पुन्हा तापवू नये.

आपल्याला विनंती एवढीच, की राजम्याबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारीच, ठळक चौकटीत छापावी. बाकीचं सवडीनं छापलं तरी चालेल. यापुढे स्लो कुकरची कोणतीही पाककृती देताना कुकर किती लिटरचा, चिकनचा कोणता भाग आणि पाणी किती मिलिलिटर, या तीन गोष्टी साहित्याच्या यादीतच द्याव्यात.

आपल्या,
पाककलेचे वर्ग घेणाऱ्या दोन वाचक, ठाणे